कोरी चिप

मी मुळातच भित्री. शाळेचा निकाल आणायला आई जायची आणि मी घरी पलंगाखाली बसून राहायचे, तेही पास होणार हे पक्कं माहीत असताना. त्यामुळे सोमवारी सकाळी तो ईमेल वाचून मी घाबरले, यात नवल काही नाही. नवल हे की या वेळी भिण्यासारखं खरोखरच काहीतरी होतं.

ईमेल दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून आला होता. तिथली एक संशोधक विद्यार्थिनी गुरुवारी आमच्याकडे येणार होती, रविवारपर्यंत. आमच्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, जे छापलंय ते तिला दीड वर्ष जमत नव्हतं, म्हणून माझ्या शेजारी बसून नमुने कसे बनवायचे ते तिला शिकायचं होतं. आमच्या सरांनी परस्पर हो म्हणून टाकलं होतं. शेवटी एक ओळ होती. आल्या आल्या कोऱ्या चिपच्या मोजणीची मूळ फाइल बघायला मिळाली तर फार बरं होईल.

ती फाइल नव्हती. ती मोजणी मी कधी केलीच नव्हती.

आता हे समजायला आमचं काम थोडं सांगायला हवं. अभ्रकाचे पापुद्रे निघतात तसे काही स्फटिकांचेही निघतात. साधी चिकटपट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. करता करता अणूंचा एकच थर उरतो. तो सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर, म्हणजे चिपवर, उतरवायचा. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक असतो. त्या सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवून ठेवता आली तर त्यात माहिती साठवता येते, आणि उद्याचे कॉम्प्युटर आजच्यासारखे तापणार नाहीत, अशी आम्हा लोकांची आशा. पण थर जितका पातळ तितकी ही शिस्त मोडायला सोपी. जरा ऊब मिळाली की जो तो वाटेल तिकडे तोंड करतो. असे थर बहुधा भयानक थंडीतच चुंबक राहतात. आमचा मात्र साध्या खोलीच्या तापमानाला चुंबक राहत होता. दोन वर्षांपूर्वी मी तो मोजला, पेपर छापून आला, सरांना मोठा प्रकल्प मिळाला आणि मला पुढच्या महिन्यापासून कायमची नोकरी. आईने तर पेपरातलं थराचं चित्र शेजारीपाजारी दाखवलं. शेजारणीला वाटलं, माझ्या एक्स-रेत काहीतरी निघालंय.

चिपवर थर ठेवायच्या आधी नुसती चिप मोजायची, हा या धंद्यातला पहिला धडा. नुसती चिपच चुंबकासारखी वागली तर थराचं कौतुक कशाला? पण पेपर लिहिताना ती मोजणी राहून गेली होती. मोजणीच्या मशीनला थंड ठेवणारं द्रव हेलियम संपलं होतं आणि पुढचं यायला दोन आठवडे होते. मी तेवढी ओळ लिहून ठेवली: 'कोऱ्या चिपवर कोणताही चुंबकी संकेत आढळला नाही.' हेलियम आलं की मोजू आणि ओळ खरी करू, असा माझा बेत. सरांनी पेपर त्याच आठवड्यात पाठवून दिला. हेलियम आलं तेव्हा मी दुसऱ्याच कामात होते. मग पेपर स्वीकारला गेला, छापून आला, आणि छापून आलेली ओळ हळूहळू खरी वाटायला लागते, निदान लिहिणाऱ्याला तरी.

सर परिषदेला गेले होते. मी फोन केला आणि आडून आडून विषय काढला. ते म्हणाले, दाखव की तिला फाइल, चहा पाज, आणि फार वेळ घालवू नकोस. ज्यांना नाचता येत नाही त्यांना अंगण वाकडंच दिसतं. सर मला सहा वर्षं ओळखतात. फाइल आहे की नाही हे विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकपणा मोजायचं हे मशीन, तळघरात असतं आणि ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना आम्ही सगळे उणे काका म्हणतो, कारण त्यांच्या बोलण्यात कायम हेलियमचे उणे दोनशे एकोणसत्तर अंश असतात. त्यांच्याकडून मी मंगळवारचा पूर्ण दिवस मागून घेतला. त्यांनी कारण विचारलं नाही. वहीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, जपून वापर, हेलियम कमी आहे.

त्या संध्याकाळी घरी मी गप्प होते. आई पस्तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती. माणूस गप्प का आहे हे तिला नाडी न बघता कळतं. वाळलेल्या कपड्यांच्या दोघी मिळून घड्या घालत होतो. मी तिला गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी म्हणून सांगितली: एकाने मोजायच्या आधीच आकडा लिहून टाकला. आई हसली.

"त्यात काय एवढं? आम्ही चार वाजताचं टेंपरेचर साडेतीनलाच लिहून ठेवायचो. चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. वेगळं येतंय कुठे?"

मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले. आईने टॉवेलची घडी घातली, परत मोडली, परत घातली. मग म्हणाली, "एकदा एक आजोबा पावणेचारला गेले. तक्त्यावर चारला ताप नाही असं होतं. मुलगा साडेचारला आला. त्याने तक्ता वाचला आणि मला विचारलं, म्हणजे चारपर्यंत बरे होते ना? मी हो म्हटलं."

पुढे काय झालं, मी विचारलं. पुढे काही नाही, ती म्हणाली, कुणी विचारलंच नाही. मला वाटलं होतं ती शिक्षेबद्दल काहीतरी सांगेल, चौकशी, बदली, काहीही. काहीच झालं नाही हे ऐकून मी जास्त घाबरले. रात्री झोप लागली नाही ती नाहीच.

मंगळवारी सकाळी मी जुनी डबी काढली. त्यात त्याच वेळच्या चार कोऱ्या चिपा उरल्या होत्या, माझ्याच हाताने भरलेल्या. मशीन एका नमुन्याला चाळीस मिनिटं घेतं. चुंबकी क्षेत्र वाढवतं, कमी करतं, उलट करतं, आणि पडद्यावर एकेक ठिपका टाकत जातं. नमुना चुंबक नसेल तर ठिपके ज्या वाटेने जातात त्याच वाटेने परत येतात, एक सरळ रेघ. चुंबक असेल तर परतीची वाट वेगळी असते आणि मध्ये पोकळ जागा राहते. तिला आम्ही लूप म्हणतो. दोन वर्षांपूर्वी लूप दिसला तेव्हा मी जिन्यावरून धावत सरांच्या खोलीत गेले होते.

कोऱ्या चिपचे ठिपके परत फिरले आणि वेगळ्या वाटेने खाली यायला लागले.

मी उठून दाराची कडी लावली. का लावली ते माहीत नाही. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. लूप पुरा झाला. पेपरात छापलेल्या लूपवर ठेवला असता तर वेगळा ओळखू आला नसता.

चिप आली कुठून, कापली कुणी, धरली कशाने, असं एकेक आठवत गेले आणि धरण्यापाशी अडले. आमच्याकडे नियम आहे: चुंबकाच्या कामाला पोलादी चिमटा लावायचा नाही. टायटॅनियमचा लावायचा, निळी पट्टी बांधलेला. सिलिकॉन पोलादाहून कठीण असतं. चिपच्या कडेने पोलाद खरवडलं जातं, आणि डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कण तिथे बसतो. अणूंच्या एका थराचं मोजमाप करताना तेवढा कण म्हणजे हत्ती. दोन वर्षांपूर्वी टायटॅनियमचा चिमटा पडून त्याचं टोक वाकलं होतं. नवा यायला चार महिने लागले. ते चार महिने मी पोलादी चिमटा वापरला होता, फक्त कडेला, अगदी हळू. सगळ्यांनी कधी ना कधी वापरलाय. पेपरात कुठलं मशीन, कुठला वायू, किती दाब, सगळं लिहितात. चिमट्याबद्दल कोण लिहितं?

खात्री करायला मी नव्या ताटलीतून प्लॅस्टिकच्या चिमट्याने एक चिप काढली आणि मोजली. सरळ रेघ. तीच चिप कडेला पोलादी चिमट्याने एकदा धरली आणि मोजली. लूप. म्हणजे ओळ तर खोटी होतीच, तिच्यावर उभा केलेला थरही चुंबक नव्हता. जे काय होतं ते माझ्या चिमट्याचं होतं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मधली मोजणी, ती सरळ रेघेची, माझ्यासमोर होती. खरी मोजणी होती ती, कोरीच चिप होती. खोटं काय तर तारीख. ते मशीन कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नाही, त्याचं घड्याळ हवं तसं फिरवता येतं. मी ते दोन वर्षं मागे नेलं, दुसरी स्वच्छ चिप मोजली, फाइल साठवली. चाळीस मिनिटं ठिपके बघत बसले आणि प्रत्येक ठिपक्याला वाटत होतं, आता कुणीतरी दार वाजवेल.

बुधवारी जिन्यात उणे काका भेटले. म्हणाले, "मशीनचं घड्याळ मागे पडलं होतं गं. मी पुढे केलं. आतला सेल गेला असेल."

घाईत मी ते सरळ करायला विसरले होते. मी हो म्हटलं, सेलच असेल. काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, किंवा मला तसं वाटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्या दिवशी मी तीन वेळा तळघराकडे निघाले आणि तीनही वेळा अर्ध्या जिन्यातून वर आले. पेपर लिहिला त्या आठवड्यात मशीनमध्ये हेलियम नव्हतं, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. माझ्या फाइलवर नेमकी त्याच आठवड्याची तारीख होती.

गुरुवारी पाहुणी आली. मी एखादी खडूस बाई येणार म्हणून तयारीत होते. आली ती पंचविशीची, पाठीवर मोठी बॅग, चष्म्याची एक काडी टेपने जोडलेली. मला लगेच ताई म्हणायला लागली. मी फाइल उघडून दाखवली तेव्हा माझ्या हाताला इतका घाम होता की माउस निसटत होता. तिने रेघ पाहिली, वहीत तारीख उतरवून घेतली आणि मोठा सुस्कारा सोडला. म्हणाली, मला कोऱ्या चिपचीच शंका होती, आता उरली नाही. म्हणजे चूक माझीच आहे.

सुटले, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं, साधारण एक मिनिट.

शुक्रवारी तिने माझ्यासमोर नमुने केले. ग्लोव्हबॉक्स म्हणजे हवाबंद काचेची पेटी. तिच्या भिंतीतून आत शिरलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. त्या मोज्यांत माझ्यासारखीला साधी डबी उघडताना धाप लागते. ती तिथे चिकटपट्टी अशी सोडवत होती की मी बघतच राहिले. तिचा थर सलग उतरला, कुठे चीर नाही, सुरकुती नाही. सहा वर्षांत मला असा एकही जमला नव्हता. तिने चिप टायटॅनियमच्या चिमट्याने उचलली, निळ्या पट्टीच्या. मशीनवर सरळ रेघ आली. शनिवारी पुन्हा केलं, अजून सुरेख, पुन्हा सरळ रेघ. ती मला विचारत होती, तुम्ही किती जोरात ओढता, किती वेळ थांबता, श्वास रोखता का. मी उत्तरं देत होते. खोटी नव्हती ती उत्तरं. एक सोडून सगळं सांगत होते.

शनिवारी दुपारी चहाला तिने मला तिचं सांगितलं. आवाजात काही नव्हतं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तिच्या गाइडचं म्हणणं, जगात एका ठिकाणी जमलंय म्हणजे जमतं. तुझ्या हातात दोष आहे. दीड वर्ष ते हेच म्हणत होते. आता महिनाअखेर विद्यार्थ्यांच्या कामाचा आढावा घेणारी बैठक होती आणि त्यात तिला काढायचं ठरत होतं. घरी वडिलांना तिने अजून सांगितलं नव्हतं. रात्री आपले हात उशाखाली घालून झोपते, असंही म्हणाली, आणि मग मी हे का सांगतेय म्हणून ओशाळली.

रविवारी तिची गाडी संध्याकाळची होती. सकाळी ती प्रयोगशाळेत आली ती एक कोरा कागद घेऊनच.

"ताई, मला एक पत्र द्याल? तुम्ही चार दिवस माझं काम पाहिलंत. त्यात एवढंच लिहा की पद्धत बरोबर आहे, चूक हातात आहे. तुम्ही लिहिलंत तर ते मला काढणार नाहीत, नुसता विषय बदलतील, हाताचं काम नसलेला देतील."

मी कागद घेतला. दुसरं काय करणार? वर तारीख घातली, तिच्या गाइडला नमस्कार लिहिला, तिचं काम जवळून पाहिलं असं लिहिलं. पुढची ओळ तयार होती, तिनेच सांगितलेली. मला अशा ओळी लिहायची सवय होती. पेन कागदावर टेकलं आणि हात पुढे जाईना. नोकरी डोळ्यांपुढे आली, सरांचा चेहरा आला, शेजारीपाजारी चित्र दाखवणारी आई आली. ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती.

मी उठले. खणातून पोलादी चिमटा काढला, ताटलीतली नवी चिप त्याने धरली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही मोज," मी म्हटलं. "थर न लावता. अशीच."

आम्ही तळघरात गेलो. उणे काका रविवारीही होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची घेऊन बाहेर जाऊन बसले. चाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं ती पडद्याकडे बघत होती, नंतर माझ्याकडे, नंतर पुन्हा पडद्याकडे. ठिपके वरच्या टोकाला पोचले आणि परत फिरले. परतीचा चौथा ठिपका वेगळा पडला तेव्हा तिने चष्मा काढून हातात धरला. पुरा लूप होईपर्यंत तिने वाट पाहिलीच नाही, तिला कळलं होतं.

"केव्हापासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"मग गुरुवारी दाखवलेली ती फाइल?"

"तीही मंगळवारचीच," मी म्हटलं. "तारीख मी घातली."

ती मला काहीतरी बोलेल, ओरडेल, याची मी वाट बघत होते. खरं तर मला ते हवं होतं. तिने आपले दोन्ही हात समोर धरले, पालथे, मग उताणे, आणि बघत राहिली. मग फोन काढला. तळघरात आवाज घुमतो, त्यामुळे पलीकडून तिच्या गाइडचं हॅलो मला स्पष्ट ऐकू आलं. 

"सर," ती म्हणाली, "माझा हात चांगला आहे."

एवढंच बोलली आणि रडायला लागली. पलीकडून ते परत परत विचारत होते, काय झालं, कुठे आहेस, कोण आहे तिथे. तिने बाहीने तोंड पुसलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"आता तुम्ही सांगा."

मी फोन घेतला.